चार भिंतींतले मैदान

पुणे-बंगळूर महामार्गावर पेठ नाक्याशी वळून इस्लामपूरकडे येणाऱ्या माणसाला, दिवस उसाच्या गळिताचे असतील आणि वेळ रात्रीची असेल तर, दोन प्रकारचे उजेड हमखास दिसतात: एक, कारखान्याकडे रांगेने सरकणाऱ्या ट्रॅक्टरांचा, आणि दुसरा, एखाद्या गावाच्या पटांगणात उंच खांबांवरून खाली ओतलेल्या प्रकाशझोतांचा, ज्याच्या वर्तुळात भोवताली हजारभर माणसे दाटीवाटीने बसलेली आणि मधोमध तेरा मीटर लांबीच्या व दहा मीटर रुंदीच्या चौकटीत एकटा गडी सात जणांवर चाल करून गेलेला असतो. वाळवे तालुक्यात ज्याचे बालपण गेले त्याला या दृश्याचे अप्रूप नसते. परंतु पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, बर्फाने झाकलेल्या शेतांच्या मुलखात, अशाच एका कोंडलेल्या चौकटीत उभे राहून पोट भरणारा एक खेळाडू आहे आणि त्याच्या आयुष्याची रीत आपल्या चढाईपटूच्या आयुष्याशी अनेक ठिकाणी जुळते, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानी आलेली नाही. त्या खेळाडूला क्वार्टरबॅक म्हणतात, आणि ज्या क्वार्टरबॅकचे चरित्र येथे सांगावयाचे आहे तो छपराखालच्या मैदानात घडलेला आहे.

अमेरिकन फुटबॉल हा नावापुरताच पायांचा खेळ आहे. लंबगोल, दोन्ही टोकांना निमुळता असलेला चेंडू हातांनी फेकीत अथवा काखेत धरून पळत पळत प्रतिपक्षाच्या हद्दीपार न्यावयाचा, म्हणजे टचडाउन करावयाचा, आणि त्यासाठी चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड भूमी जिंकावयाची, अन्यथा चेंडूवरचा हक्क गमवावयाचा, हे त्याचे सूत्र. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी मधला गडी दोन पायांमधून चेंडू मागे देतो आणि तो ज्याच्या हाती पडतो तो क्वार्टरबॅक. त्या क्षणापासून पुढच्या दोन-तीन सेकंदांत समोरचे धिप्पाड गडी त्याला लोळविण्यासाठी चालून येत असतात, त्याचे स्वतःचे रक्षक त्यांना थोपवून धरीत असतात, आणि या झटापटीच्या पलीकडे धावणाऱ्या आपल्या चार-पाच साथीदारांपैकी कोण क्षणभर मोकळा होईल हे ताडून, तो मोकळा होण्यापूर्वीच, जेथे तो पोहोचणार आहे त्या रित्या जागेवर चेंडू सोडावा लागतो. गडी दिसल्यावर फेकलेला चेंडू बहुधा उशिरा पोहोचतो. म्हणून या माणसाची खरी कमाई दंडाच्या बळापेक्षा अंदाजाच्या अचूकपणात असते.

हा खेळ मूळचा उघड्या आकाशाखालचा, शंभर यार्ड लांब आणि 160 फूट रुंद अशा विस्तीर्ण मैदानाचा, आणि दर बाजूस अकरा गड्यांचा. त्याला छपराखाली आणण्याची कल्पना जिम फॉस्टर नावाच्या गृहस्थास 1981 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सुचली. तेथे तो बंदिस्त जागेतील सॉकरचा सामना पाहात बसला होता, आणि समोरच्या चौकटीत आपला फुटबॉल कसा बसेल याचा आराखडा त्याने हाताशी असलेल्या लिफाफ्यावरच काढला. 1986 साली इलिनॉयमधील रॉकफर्ड येथे प्रायोगिक सामना झाला आणि 1987 साली चार संघांनिशी अरीना फुटबॉल लीग सुरू झाली. मैदान पन्नास यार्ड लांब व 85 फूट रुंद, म्हणजे क्षेत्रफळाने मूळच्या मैदानाच्या चतुर्थांशाहून थोडेसेच अधिक, गडी आठ, कडेला गादी लावलेल्या भिंती, ज्यांवर आदळून खेळाडू थेट प्रेक्षकांच्या मांडीवर जाऊन पडावा, आणि दोन्ही टोकांना, गोलखांबांच्या बाजूंस, उंच ताणलेल्या जाळ्या, ज्यांवरून उसळून परत आलेला चेंडू खेळातच धरला जावा. या जाळ्यांसह साऱ्या खेळाचे पेटंट फॉस्टरने 1990 साली मिळविले, आणि त्याची मुदत सरेपर्यंत इतर बंदिस्त स्पर्धांना जाळ्यांविनाच खेळावे लागले. नियमांत पायाने चेंडू दूर लाथाडून संकट टाळण्याची सोय ठेवलेलीच नव्हती. बहुतेक गड्यांनी आक्रमण आणि बचाव दोन्ही करावयाचे. क्वार्टरबॅकला मात्र या दुहेरी चाकरीतून सूट होती, कारण खेळाची सारी मदार त्याच्या फेकीवर होती.

मैदान लहान झाले म्हणजे खेळ सोपा झाला, असा समज प्रथमदर्शनी होतो, आणि अमेरिकेतील जाणकारांतही तो दीर्घकाळ होता. वस्तुस्थिती उलट आहे. जागा आकसली की प्रत्येक मोकळी फट अरुंद होते आणि ती उघडी राहण्याचा अवधीही आखूड होतो. बचाव करणारा आपल्या गड्यापासून दोन पावलांवर असतो, भिंत चार पावलांवर असते, आणि क्वार्टरबॅकला थांबून विचार करावयास उसंतच उरत नाही. आक्रमण करणाऱ्या एका गड्यास चेंडू सुटण्यापूर्वीच पुढच्या दिशेने धाव घेण्याची मुभा असल्याने सारा देखावा सुरू होण्याआधीच वेगात असतो. गुणसंख्या इतकी वाढते की पन्नास गुण करूनही संघ हरतो. एक फेक वाया गेली तर ती भरून काढण्यास संपूर्ण सामना अपुरा पडू शकतो. अशा ठिकाणी तीन हंगाम काढणाऱ्याच्या हाताला जी सवय लागते ती मोठ्या मैदानात दहा वर्षे बाकावर बसून लागत नाही, असे माझे मत आहे, आणि त्या मताला आधार म्हणून एका माणसाचे आयुष्य पुरेसे आहे.

कर्ट वॉर्नरचा जन्म 22 जून 1971 चा, आयोवा राज्यातील बर्लिंग्टनचा. आयोवा म्हणजे मक्याचे राज्य; आपल्याकडे कृष्णाकाठी उसाने जसा मुलूख व्यापला आहे तसा तेथे मक्याने. नॉर्दर्न आयोवा विद्यापीठाच्या संघात त्याला शेवटच्या वर्षापर्यंत पहिल्या पसंतीची जागा मिळाली नाही. 1994 साली नॅशनल फुटबॉल लीग या मोठ्या मैदानावरच्या लीगच्या वार्षिक निवडीत कोणत्याही संघाने त्याचे नाव उच्चारले नाही. ग्रीन बे पॅकर्सच्या सराव शिबिरात तो रुजू झाला खरा, परंतु तेथे ब्रेट फाव्हसारखा मातबर क्वार्टरबॅक आणि त्याच्यामागे आणखी दोघे असल्याने हंगाम उजाडण्यापूर्वीच त्याला निरोप मिळाला. मग सीडर फॉल्स गावातील हाय-व्ही या किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल रचण्याचे काम त्याने धरले; मोबदला तासाला साडेपाच डॉलर.

या मुक्कामावरून त्याला उचलले ते छपराखालच्या खेळाने. 1995 साली डे मॉइन शहरात आयोवा बार्नस्टॉर्मर्स हा नवा संघ उभा राहिला आणि त्याचा संस्थापक दुसरा कोणी नसून तोच जिम फॉस्टर होता, ज्याने चौदा वर्षांपूर्वी लिफाफ्यावर रेघा ओढल्या होत्या. वॉर्नर तेथे तीन हंगाम खेळला. 1996 आणि 1997 अशा लागोपाठ दोन वर्षी त्याने संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेले, आणि दोन्ही वेळा संघ हरला. परंतु त्या तीन हंगामांत त्याच्या हातून 183 टचडाउन फेकी झाल्या आणि दहा हजार यार्डांहून अधिक भूमी त्याच्या फेकींनी जिंकली. शिकागो बेअर्सकडून चाचणीचे बोलावणे आले तेव्हा नुकतेच लग्न झालेले होते, आणि लग्नानंतरच्या प्रवासात कोळ्याच्या दंशाने त्याच्या उजव्या कोपराला अशी सूज आली की चाचणीला जाताच आले नाही. पुढे सेंट लुईस रॅम्सने त्याला करारबद्ध करून 1998 च्या वसंतात युरोपातील स्पर्धेसाठी ॲमस्टरडॅमला धाडले. तेथून परतल्यावर तो रॅम्सच्या राखीव फळीत दाखल झाला. 1999 च्या आरंभी, क्लीव्हलँडचा नवा संघ उभारण्यासाठी प्रत्येक जुन्या संघाने आपले काही गडी निवडीस खुले ठेवावेत असा हुकूम झाला, तेव्हा रॅम्सने जी नावे पुढे केली त्यांत वॉर्नरचेही होते. क्लीव्हलँडने त्याला घेतले नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, सरावाच्या एका सामन्यात, रॅम्सचा प्रमुख क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन याचा गुडघा निकामी झाला आणि ज्याला कोणी मागितले नव्हते त्या अठ्ठावीस वर्षांच्या माणसाच्या हाती संघ सोपविला गेला. आदल्या वर्षी सोळापैकी चारच सामने जिंकलेल्या या संघाने त्या वर्षी तेरा जिंकले. वॉर्नरच्या फेकी 4,353 यार्डांच्या झाल्या, त्यांतून 41 टचडाउन झाले, तो लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला, आणि 30 जानेवारी 2000 रोजी अटलांटा येथे टेनेसी टायटन्सविरुद्धच्या सुपर बोल या अंतिम सामन्यात 414 यार्डांच्या फेकी करून, त्या काळचा विक्रम प्रस्थापित करून, त्याने 23–16 असा विजय मिळवून दिला. येथे एका तपशिलाकडे वाचकांनी लक्ष द्यावे: रॅम्सचे सेंट लुईसमधील घरचे मैदान छपराचे होते, जमीन कृत्रिम गवताची होती, आणि अटलांट्याचा तो अंतिम सामनाही छपराखालीच झाला. चार भिंतींत शिकलेली विद्या त्याला पुन्हा चार भिंतींतच, परंतु चौपट विस्ताराच्या मैदानात, वापरावयास मिळाली. आणि अरुंद फटींची सवय असलेल्या डोळ्याला ते मैदान किती मोकळे वाटले असेल याची कल्पना, पाणंदीतून बैलगाडी हाकून हमरस्त्यावर आलेल्या गाडीवानाला करता येईल.

पुढील कथा चढउतारांची आहे: 2002 साली अंतिम सामन्यातील पराभव, हाताच्या दुखापती, रॅम्समधून गच्छंती, न्यूयॉर्कमध्ये एक हंगाम, आणि ॲरिझोना कार्डिनल्स या दीर्घकाळ पराभूत संघाला 2009 च्या फेब्रुवारीत सुपर बोलपर्यंत नेण्याचा पराक्रम. 2010 साली तो निवृत्त झाला. बंदिस्त फुटबॉलच्या सन्मानदालनात 2011 साली आणि मोठ्या फुटबॉलच्या सन्मानदालनात 2017 साली त्याची प्रतिष्ठापना झाली. दोन्ही दालनांत स्थान मिळालेला खेळाडू तो एकटाच आहे.

परंतु एकाच्या राज्याभिषेकाची हकीकत सांगून बाकीच्यांच्या चाकरीचा हिशेब न देणे अन्यायाचे होईल. ॲरन गार्सिया हा क्वार्टरबॅक 1995 सालीच, म्हणजे वॉर्नरच्याच वर्षी, या लीगमध्ये आला आणि पुढे किती तरी वर्षे, संघामागून संघ बदलीत, छपराखालीच राहिला. त्याच्या टचडाउन फेकींची संख्या तेराशेच्या पुढे गेली, जी त्या लीगच्या इतिहासात सर्वाधिक आहे. त्याचे नाव अमेरिकेबाहेर कोणास ठाऊक नाही. मोठ्या लीगमधील क्वार्टरबॅकचा तनखा वर्षाला कोटींच्या घरात जात असता छपराखालच्या गड्याला बहुतेक काळ सामन्यामागे काही शे डॉलर इतकाच मोबदला मिळत आला, आणि हंगाम संपला की शाळेत, गुदामात, व्यायामशाळेत दुसरी नोकरी शोधावी लागे. खुद्द लीगचाच भरवसा नव्हता. 2009 चा हंगाम रद्द करून तिने दिवाळे काढले, 2010 साली ती नव्या मालकांच्या हाताखाली पुन्हा उभी राहिली, 2019 साली पुन्हा बंद पडली, आणि 2024 साली त्याच नावाने झालेला पुनरारंभ काही आठवड्यांतच विस्कटला. ज्याच्या करारनाम्यावरची शाई वाळण्यापूर्वी करार करणारी संस्थाच नाहीशी होऊ शकते अशा धंद्यात वर्षानुवर्षे टिकून राहणाऱ्या माणसाला मी वॉर्नरहून कमी मानावयास तयार नाही.

अमेरिकन फुटबॉलशी महाराष्ट्राचेही एकदा नाते जडले आहे. एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया या नावाने 2012 साली अमेरिकन फुटबॉलची स्पर्धा भरली. तिच्या भांडवलदारांत इतर नामवंत अमेरिकनांबरोबर खुद्द कर्ट वॉर्नर होता. आणि पहिले अजिंक्यपद पुणे मराठाज या संघाने दिल्ली डिफेंडर्सवर 6–0 असा विजय मिळवून पटकावले. विजय अभिमानाचा आहेच, परंतु तो आकडा मला अधिक बोलका वाटतो. इतर खेळांतून आलेल्या आपल्या तरुणांनी धडका देणे, अडविणे, लोळविणे काही महिन्यांत आत्मसात केले. ज्या खेळात पन्नास गुणांची लयलूट होऊ शकते तेथे अंतिम सामन्यात सहाच गुण व्हावेत, याचा अर्थ बचाव लवकर साधला आणि फेक साधली नाही. दंड उसना आणता येतो, ताकद एका खेळातून दुसऱ्यात नेता येते. क्वार्टरबॅकची नजर मात्र लहानपणापासूनच रुजवावी लागते, आणि आपल्या मुलांच्या नजरेत दुसरेच काही रुजलेले असते.

ते दुसरे काही म्हणजे हुतुतू, अर्थात कबड्डी. या खेळाच्या नियमांना निश्चित रूप देण्याचा पहिला यत्न 1918 साली साताऱ्यास झाला असे मानतात, आणि 1923 साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम छापून स्पर्धा भरविल्या. त्या वेळी वाळवे तालुका सातारा जिल्ह्यातच होता. 1949 साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि पुढे त्याला सांगली हे नाव मिळाले. तेव्हा इस्लामपूरच्या आसपासच्या मातीने हा खेळ बाहेरून घेतला नाही, तो तिच्या जिल्ह्याच्या दफ्तरातच जन्मला, असे म्हणावयास हरकत नसावी. 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याचे प्रात्यक्षिक दाखविले, 1990 साली बीजिंगच्या एशियाडमध्ये त्याला पदकांच्या खेळांत स्थान मिळाले, आणि मातीवरून तो मॅटवर गेला. 26 जुलै 2014 रोजी मुंबईत वरळीच्या बंदिस्त संकुलात प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला, तेव्हा फुटबॉलने छपराखाली जाताना जे जे सोसले ते कबड्डीच्याही वाट्यास आले: घड्याळाची सक्ती, दिव्यांचा लखलखाट, प्रेक्षक हाकेच्या अंतरावर, आणि दर चढाईस मोजून तीस सेकंद. दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण आणलाच पाहिजे, नाही तर गडी बाद. संकट टाळून वेळ काढण्याची पळवाट अरीना फुटबॉलने जशी बुजविली तशीच येथेही बुजविली गेली.

या मॅटवर वाळवे तालुक्यातील कासेगावचा काशिलिंग आडके उतरला आणि दुसऱ्या पर्वात, 2015 साली, दबंग दिल्लीकडून खेळताना स्पर्धेतील सर्वोत्तम चढाईपटू ठरला. सांगलीचाच नितीन मदने 2014 च्या इंचॉन एशियाडमध्ये इराणला 27–25 असे निसटते हरवून सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. चढाईपटूचे काम पाहिले की क्वार्टरबॅकशी असलेले त्याचे सख्य उमगते: मध्यरेषा ओलांडताना दम सुरू होतो, समोर सात जण हातांच्या साखळ्या करून अर्धवर्तुळ धरतात, कोपरारक्षकाचा पाय कोणत्या क्षणी उचलला जाईल, साखळीतला कोणता दुवा किंचित सैल आहे, बोनस रेषेवर पाऊल टाकावे की हात मारून परतावे, हे सारे तो पायांच्या लयीत मोजीत असतो आणि निर्णय घेण्यास त्याला श्वासाएवढाही अवकाश नसतो. भेद एवढाच की क्वार्टरबॅक आपल्या जागी उभा राहून चेंडूला शत्रूच्या मुलखात पाठवितो, आणि चढाईपटू स्वतःच्या देहाला पाठवितो.

पोटाच्या बाबतीत मात्र आपल्या गड्याची व्यवस्था अमेरिकनापेक्षा एका परीने बरी आहे, हे कबूल केले पाहिजे. 2014 च्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग गड्याची किंमत 12 लाख 80 हजार होती. 2019 साली चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईवर 1 कोटी 45 लाखांची बोली लागली. पण ही रक्कम मोजक्यांची. बाकीच्यांना तारतात त्या रेल्वे, पोलीस, पेट्रोलियम आणि बँकांसारख्या खात्यांच्या संघांतील नोकऱ्या, आणि शासकीय भरतीत खेळाडूंसाठी राखून ठेवलेल्या पाच टक्के जागा. हंगाम संपला तरी महिन्याचा पगार चालू राहतो; मैदान सुटले तरी सेवा सुटत नाही. अरीना लीगच्या कोणत्याही क्वार्टरबॅकला असे आश्वासन कधी मिळाले नाही. उलटपक्षी ज्याला खाते मिळाले नाही, ज्याचा लिलावात पुकारा झाला नाही, आणि जो गावोगावच्या प्रकाशझोतांतील सामन्यांवरच अवलंबून आहे, त्याची अवस्था सीडर फॉल्सच्या दुकानात रात्री माल रचणाऱ्या वॉर्नरहून वेगळी नाही.

या सामन्यांच्या आयोजक मंडळांना, त्यांना देणग्या देणाऱ्या कारखान्यांना, दूधसंघांना आणि पतसंस्थांना माझी एक विनंती आहे. चषकाची उंची दर वर्षी वाढते, मंडपाची कमान वाढते, पाहुण्यांचे फेटे वाढतात. त्या जमाखर्चात एक रकाना खेळणाऱ्या प्रत्येक गड्याच्या अपघात विम्याचा घालावा, आणि त्या मॅटवर ज्याचा गुडघा जाईल त्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च बक्षिसाच्या रकमेआधी बाजूला काढून ठेवावा. ट्रेंट ग्रीनचा गुडघा गेला तेव्हा त्याचा करार आणि त्याचा पगार शाबूत होता, आणि पुढच्या वर्षी तो मैदानावर परतला. आपल्या शिवारातल्या गड्याचा गुडघा जातो तेव्हा तो दुसऱ्या दिवशी सकाळी उसाच्या फडात लंगडत उभा असतो.